बाटलीवर कासव आहे, आत काय आहे तेही लिहा : शेवाळाचं टॉनिक विकणाऱ्यांना एका बडोदेकर शेतकरणीचं खुलं पत्र

प्रति,
समुद्री शेवाळाचं टॉनिक बनवणाऱ्या आणि विकणाऱ्या कंपन्यांचे मालक, मॅनेजर, डीलर,
आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणं ज्यांचं काम आहे ते शेतकी-बागायत खात्यातले सगळे साहेब,

सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, त्याबद्दल आधीच माफी मागते. तोंडी सांगून बघितलं, फोनवर सांगून बघितलं, एक अर्जही दिला, त्याचं काय झालं ते पुढे येईलच. आता चार लोकांत सांगते, कारण ही बाटली माझ्या एकटीच्याच शेतात आलेली नाही.

मी बडोद्याची. माहेर दांडिया बाजारात, सासर दोन गल्ल्या सोडून, म्हणजे आयुष्य सगळं सुरसागरच्या आसपासच गेलं म्हणा. बडोद्याजवळच्या पादरा गावाच्या पुढे सासऱ्यांनी घेतलेली साडेतीन बिघे जमीन आहे, नोकरी संपल्यापासून आठवड्यातले तीन दिवस मी तिथेच असते. वांगी, भेंडी, तोंडली, थंडीत थोडा फ्लॉवर. शेत बघायला भागिया काका आहेत, म्हणजे वाट्याने शेत कसणारे, गुजराती, मी त्यांना काका म्हणते आणि ते मला बेन म्हणतात, वयाने आम्ही सारखेच असू. पादऱ्याकडची भाजी बडोद्यात किती येते ते खंडेराव मार्केटला सकाळी सहाला जाऊन बघा, मी सांगायची गरज नाही.

तर झालं असं. गेल्या थंडीत वांग्याला डीएपी खत हवं होतं. दुकानात जाऊन चार गोण्या मागितल्या. दुकानदार म्हणाला बेन डीएपी आहे, पण सोबत या दोन बाटल्या घ्याव्या लागतील. मी म्हटलं नकोत. तर म्हणे मग डीएपी संपलंय. दोन मिनिटांपूर्वी होतं ते संपलं! सीझन तोंडावर, रोपं लागलेली, काय करता, घेतल्या. गोणीचे १३५० प्रमाणे दिले, अंगठा लावला, मशीनमधून पावती निघाली, तीत डीएपी आहे पण बाटल्या नाहीत. बाटल्यांचे ८९० प्रमाणे १७८० रुपये त्याने एका कोऱ्या चिठ्ठीवर पेन्सिलीने लिहून दिले, वर लिहिलं 'एस्टिमेट'.

बाटली मात्र देखणी हो. निळीशार, वर कासव पोहतंय, खाली गुलाबी पोवळी, आणि इंग्रजीत ठळक लिहिलंय की हे टॉनिक समुद्रात पसरलेल्या परक्या, आक्रमक शेवाळापासून बनवलंय, एक बाटली घ्या आणि प्रवाळ वाचवा. खरं सांगते, वाचून बरं वाटलं मला. म्हटलं गळ्यात मारली तर मारली, निदान चांगल्या कामाला पैसे गेले. डोस बघितला तर सर्व पिकांना २ ते ५ मिली प्रति लिटर. त्याच आठवड्यात गावात कंपनीचा माणूस मीटिंगला आला होता, चहा-गाठिये झाले, तो म्हणाला नॅचरल आहे, डबल मारा, रिझल्ट आठ दिवसांत दिसेल. काकांनी डबल मारलं. १५ लिटरच्या पंपाला दीडशे मिली, बोअरच्या पाण्यात, सकाळी अकराच्या उन्हात.

मी तिथे होते. पंप अर्धा झाला आणि नोझल चोक झाला. काकांनी जाळी काढून माझ्या हातावर ठेवली, तीवर पारदर्शक, बुळबुळीत, शिजवलेल्या साबुदाण्यासारखं काहीतरी चिकटलेलं, आणि वास असा की आमच्या सासूबाई पावसाळ्यात बोंबलाचा डबा उघडायच्या ना, तसा. धुऊन परत लावली, परत चोक. शेवटी कडेच्या दोन ओळी राहिल्या त्या राहिल्या.

तिसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन. "बेन, रिंगणां बळी गयां." म्हणजे वांगी जळाली.

जाऊन बघितलं तर पानांच्या कडा आधी तांबूस आणि मग कागदासारख्या कुरकुरीत, जशी कोणी उदबत्तीने कड ओढत नेलीय. फुलं देठासकट खाली. आणि त्या कडेच्या दोन ओळी, ज्यांना नोझलने वाचवलं, त्या हिरव्यागार उभ्या.

आता चूक आमचीही आहे, ती आधी कबूल करते. उन्हात मारायला नको होतं, माणसाच्या बोलण्यावर डबल करायला नको होतं, आणि आमच्या बोअरचं पाणी खारं आहे हे मला माहीत असून मी गप्प बसले. घरी आरओवाला येतो त्याच्याकडून टीडीएसचं, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचं, पेन मागून घेतलं आणि सगळं मोजलं. नुसतं बोअरचं पाणी १८००. त्यात लिटरला १० मिली टॉनिक घातलं तर २६००. म्हणजे ८०० तर बाटलीतूनच आले. नर्मदा कॅनॉलचं पाणी घेऊन त्यात २ मिली घातलं तर आकडा ४०० च्या आसपास राहिला. आमच्या पानांना नक्की काय बाधलं ते प्रयोगशाळाच सांगेल, पण या शेवाळाच्या रसात पोटॅशचं मीठ भरपूर असतं ही काही गुपित गोष्ट नाही, समुद्रातली वस्तू आहे, खारी असणारच. मग बाटलीवर एक ओळ का नाही की खाऱ्या पाण्यात मिसळू नका? कासवाला जागा आहे, त्या ओळीला नाही?

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, नाहीतर लोक म्हणतील बाईचं पीक जळलं म्हणून शेवाळाच्या नावाने बोटं मोडतेय. मी शेवाळाच्या विरोधात नाही. उलट ही चांगली चीज आहे म्हणूनच राग येतोय.

हे जे लाल शेवाळ आहे, कप्पाफायकस नावाचं, त्याचा ताजा रस पिळून पिकावर फवारायची पद्धत आपल्या गुजरातेतच बसवली गेली, भावनगरच्या केंद्रीय मीठ आणि समुद्री रसायन संशोधन संस्थेत. ताजं शेवाळ चिरडायचं, रस निघतो तो शेताला, आणि मागे राहिलेल्या चोथ्यातून कॅराजीनन काढायचं, तेच जे आइस्क्रीम आणि टूथपेस्ट घट्ट करायला वापरतात. वाया काही नाही. रसात पोटॅश असतं, झाडाच्या वाढीचे हार्मोन असतात, सायटोकायनिन, ऑक्सिन, जिबरेलिन, आणि बीटेनसारखी द्रव्यं जी ताणात झाडाला तग धरायला मदत करतात. हे खत नाही. कीड मारायचं औषधही नाही. च्यवनप्राश म्हणा, जेवणासोबत घेतलं तर अंगी लागेल, जेवणाऐवजी घेतलं तर माणूस उपाशी मरेल. शेणखत, डीएपी काही बंद करून चालणार नाही, हे मीटिंगमधल्या माणसाने सांगायला हवं होतं, त्याने उलटं सांगितलं.

आणि भावनगरच्या लोकांनी आकडे छापलेत. भेंडीवर सगळ्यात चांगला रिझल्ट आला तो २.५ टक्के रसाला, उत्पन्न २० टक्क्यांनी वाढलं. पावसावरच्या सोयाबीनला १५ टक्के रस द्यावा लागला, तिथे ५७ टक्के वाढ. म्हणजे पिकागणिक डोस वेगळा, आणि थोडाथोडका नाही, सहापट वेगळा! आता हा हिशेब तुम्हीच करा साहेब. २.५ टक्के म्हणजे १५ लिटरच्या पंपाला पावणेचारशे मिली रस, १५ टक्के म्हणजे सव्वादोन लिटर. आणि तुमच्या बाटलीवर २ मिली प्रति लिटर, म्हणजे पंपाला ३० मिली. मग एकतर तुमचा माल त्या रसापेक्षा कित्येक पट आटवून घट्ट केलेला आहे, तसं असेल तर डबल मारा म्हणणाऱ्याला आवरा, नाहीतर तो इतका पातळ आहे की आम्ही पानांना नुसती आंघोळ घालतोय. दोन्हीपैकी कुठलं? बाटली काही बोलत नाही. घनपदार्थ किती टक्के, पोटॅश किती, मीठ किती, काही नाही. 'सी वीड एक्स्ट्रॅक्ट' एवढंच. कुठलं सी वीड? समुद्रात काय एकच शेवाळ आहे का, लाल आहे, तपकिरी आहे, हिरवं आहे, हे म्हणजे डब्यावर नुसतं 'डाळ' लिहिण्यासारखं झालं.

आता त्या कासवाकडे येते, कारण माझी मोठी तक्रार तीच आहे, वांग्यांपेक्षाही मोठी.

द्वारकेकडचं ओखामंडळ हा आपल्याच बडोदे संस्थानाचा मुलूख होता हे आजकाल बडोद्यातल्या मुलांनाही माहीत नसतं. सयाजीराव महाराजांनी तिथल्या समुद्रात काय काय जीव आहेत ते बघायला हॉर्नेल नावाच्या साहेबाला लावलं होतं, त्याच्या रिपोर्टचा पहिला भाग १९०९ ला आला. म्हणजे धंदा काय करायचा ते नंतर, आधी समुद्रात काय आहे ते बघून घ्या, अशी पद्धत. आणि त्याच ओख्याच्या किनाऱ्यावर १९८४ साली हे कप्पाफायकस पहिल्यांदा वाढवून बघितलं. ते आपल्याकडचं नाही, मूळचं फिलिपिन्सच्या बाजूचं, आपल्याकडे आलं जपानमधून. पुढे नव्वदच्या दशकात ते तमिळनाडूत मंडपमला गेलं, २००० च्या सुमारास मोठ्या कंपनीचा पैसा आला, रामनाथपुरमच्या कोळणींना त्यातून खरोखर रोजगार मिळाला. बांबूच्या तराफ्याला तुकडे बांधायचे, ४५ दिवसांत कापणी. त्या बायांबद्दल माझ्या मनात आदरच आहे, हे कष्टाचं काम आहे, दिवसभर कमरेएवढ्या खाऱ्या पाण्यात.

पण तराफ्यावरचा तुकडा लाटेने सुटला तर तो मरत नाही, जिथे अडकेल तिथे वाढतो. २००८ साली मन्नारच्या आखातात कुरुसडई बेटाजवळ ते जिवंत प्रवाळावर चढलेलं सापडलं. प्रवाळाला ऊन लागतं, यानं वरून चादर घातली की खालचं गुदमरलं. हातानं उपटून काढायचं म्हटलं तर एक बारीक तुकडा राहिला तरी परत फुटतं, आपल्या शेतातला लव्हाळा जसा, किती उपटा, गाठ राहिली की झालं.

म्हणजे हे शेवाळ आक्रमक आहे हे खरं. ते काढून खताच्या कामाला आणता येतं हेही खरं. हवाई बेटांवर कानेओहे नावाच्या खाडीत हीच जात सत्तरच्या दशकात लागवडीसाठी नेली आणि पसरली, तिथल्या लोकांनी होडीवर मोठा पंप बसवला, पाणबुडे खाली जाऊन प्रवाळावरचं शेवाळ त्या पाइपाने ओढून वर पाठवतात, आणि ते पोत्यांत भरून शेतकऱ्यांना खताला देतात. मागे राहिलेलं खायला समुद्री साळिंदर सोडतात, काटेरी गोळा असतो ना तो. हे वाचलं तेव्हा मी उठून नवऱ्याला जाऊन सांगितलं, इतकं आवडलं. म्हणजे रोगही गेला आणि शेताचंही भलं.

तुमच्या बाटलीतलं शेवाळ असं काढलेलं आहे का? हा माझा प्रश्न आहे, साधा, आणि याचं उत्तर मला कोणी दिलेलं नाही. कारण मन्नारचं आखात हे सागरी राष्ट्रीय उद्यान आहे, २१ बेटांचं, तिथून काडी उचलायची तरी वन खात्याची परवानगी लागते. परवानगी असेल तर तिचा नंबर छापा, आम्ही अभिमानाने बाटली घेऊ. आणि जर माल तराफ्यावर मुद्दाम लावलेल्या शेवाळाचा असेल, मला तोच वाटतोय, तर मग 'आक्रमक शेवाळ काढून प्रवाळ वाचवतो' हे कुठल्या तोंडाने लिहिता? लावलेलं शेवाळ विकायला काही हरकत नाही, पण मग लावलेलं म्हणा. गोठ्यातली म्हैस पिळायची आणि डब्यावर लिहायचं जंगलातून पकडून आणली!

आणि यातली खरी भीती वेगळीच आहे. उद्या या बाटल्यांचा खप वाढला तर तुम्हाला शेवाळ संपायला हवं असेल की वाढायला? शेतातला लव्हाळा कोणी किलोवर विकत घ्यायला लागला तर मीच तो मुळासकट काढणार नाही, वरवर कापीन आणि खाली ठेवीन. माणसाचा स्वभाव आहे, तुम्हाला नावं ठेवत नाही. म्हणून ते काढायचं किती, कुठून आणि कधी थांबायचं हे विकणाऱ्याने ठरवायचं नसतं, दुसऱ्या कोणीतरी ठरवायचं असतं.

हे तमिळनाडूचं आहे, आपल्याला काय, असं म्हणू नका. २०२४ च्या जानेवारीत कच्छमध्ये कोटेश्वरला सीवीडवर राष्ट्रीय कॉन्फरन्स झाली, आपल्या किनाऱ्यावर शेवाळाची शेती वाढवायचं चाललंय. चांगलंय, कोळ्यांना जोडधंदा मिळेल. पण जामनगरजवळ पिरोटन बेटाला जे प्रवाळ आहे, ते देशातल्या पहिल्या सागरी राष्ट्रीय उद्यानातलं आहे, १९८२ पासूनचं. शाळेच्या ट्रिपला आम्ही भरती-ओहोटीचं टाइमटेबल बघून गेलो होतो, ओहोटीला घोट्याएवढ्या पाण्यात चालत, सर ओरडत होते पाय ठेवताना खाली बघा. त्या पाण्यात उद्या तराफे सुटले तर? आपल्याकडे आपलं स्वतःचं शेवाळ नाही का, सरगॅसम आहे, उल्वा आहे, वेरावळच्या किनाऱ्यावर हिरवा खच पडतो. भाजीला टॉनिक करायचंच तर आधी त्याचं बघा. त्यातही डोळे मिटून नाही, कॅरिबियनमध्ये २०११ पासून सरगॅसमचे ढीग किनाऱ्याला लागतायत, त्याचं खत करायचं म्हणून लोक पुढे आले तर त्यात आर्सेनिक निघालं, म्हणून तिथले शास्त्रज्ञ सांभाळून वापरा म्हणतात. म्हणजे परत तेच, आधी मोजा.

आता साहेब लोकांकडे वळते.

२०२१ च्या फेब्रुवारीत खत नियंत्रण आदेशात दुरुस्ती झाली आणि बायोस्टिम्युलंट, म्हणजे अशी झाडाच्या वाढीची टॉनिकं, कायद्यात आले, त्यात शेवाळाचा अर्क स्पष्ट नाव घेऊन आहे. जड धातूंची मर्यादा घातली, आणि कीटकनाशक ०.०१ पीपीएमपेक्षा (पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग) जास्त सापडता कामा नये असंही घातलं, कारण टॉनिक म्हणून गुपचूप औषध मिसळून विकणारे महाभाग आहेत, दुसऱ्याच दिवशी रिझल्ट दिसला की समजावं. कायदा चांगला आहे. आणि २०२५ च्या जुलैमध्ये खुद्द केंद्रीय कृषिमंत्री शिवराजसिंह चौहान म्हणाले की बरीच वर्षं सुमारे ३०,००० अशी प्रॉडक्ट्स मोकाट विकली जात होती, नंतरही ८,००० चालू राहिली, कडक तपासणी लावल्यावर ६५० च्या आसपास उरली. त्याच महिन्यात त्यांनी सगळ्या मुख्यमंत्र्यांना लिहिलं की युरिया-डीएपीसोबत बायोस्टिम्युलंट जबरदस्तीने गळ्यात मारणं बंद करा. म्हणजे माझ्यासोबत जे झालं ते दिल्लीला माहीत आहे! फक्त पादऱ्याच्या रस्त्यावर माहीत नाही.

मी कंपनीच्या नंबरवर फोन केला. एक गोड आवाजाची मुलगी म्हणाली, मॅडम नॅचरल प्रॉडक्टने पान जळत नाही, तुमचं दुसरं काहीतरी असेल. मी म्हटलं मीठ पण नॅचरलच आहे ना बाळा, तर तिने होल्डवर टाकलं, अजून होल्डवरच आहे मी.

मग एका ऑफिसात गेले. तिथे म्हणाले हे औषधात येत नाही, खतवाल्यांकडे जा. खतवाल्यांकडे गेले तर ते म्हणाले भाजीपाला आहे ना, मग बागायतीकडे. बागायतीच्या साहेबांनी निदान बसायला खुर्ची दिली, शांतपणे ऐकलं आणि विचारलं, बिल आहे का? मी ती पेन्सिलीची चिठ्ठी पुढे केली. ते हसले, वाईट नाही हसले, पण हसले. अर्ज ठेवून घेतला, पोच मागितली तर उद्या या. त्या उद्याला आता चार महिने झाले. नावं घेत नाही कोणाची, नाव घेऊन एका माणसाची बदली होईल आणि बाटली तशीच राहील.

उन्हाळ्यात मी दुसऱ्या बाटलीतून स्वतः करून बघितलं, भेंडीवर. चार ओळींना २ मिली, कॅनॉलचं पाणी गाळून, संध्याकाळी पाचनंतर, पंधरा दिवसांच्या अंतराने तीनदा. शेजारच्या चार ओळींना नुसतं पाणी. काका म्हणाले बेन आता रिटायरमेंटनंतर कॉलेज काढलं का. दोन्हीकडचा माल वेगळ्या टोपल्यांत तोडून काट्यावर घातला, वहीत लिहिलं. फरक पडला. फवारलेल्या ओळी थोड्या जास्त दिवस चालल्या, मे महिन्याच्या उन्हात पानं कमी मलूल झाली, शेवटचे दोन-तीन तोडे जास्त मिळाले. जाहिरातीत म्हणतात तसा डबल नाही, अर्धाही नाही, पण होता. चारच ओळी आहेत, यावरून मी जगाला सांगायला जाणार नाही. पण म्हणूनच म्हणते, वस्तू कामाची आहे, तुम्ही ती फुकट बदनाम करताय. आमच्या आजूबाजूच्या पाच-सहा जणांनी तरी शेवाळाचं नाव टाकलंय, सगळे म्हणतात ते खारं पाणी विकतात.

तर माझ्या मागण्या. फार नाहीत आणि एकही जगावेगळी नाही.

कंपन्यांनी बाटलीवर शेवाळाची जात लिहावी, लाल-तपकिरी एवढं नाही, नाव. ते लावलेलं की समुद्रातून काढलेलं, आणि कुठल्या किनाऱ्याचं, ते लिहावं. आक्रमक शेवाळ काढलं असा दावा करायचा असेल तर काढण्याची परवानगी आणि ठिकाण छापावं, जमत नसेल तर कासव आणि ती ओळ दोन्ही पुसावीत.

घनपदार्थाचं प्रमाण, पोटॅश आणि मीठ आकड्यात लिहावं. डोस पिकाप्रमाणे द्यावा, निदान वांगी, भेंडी, टोमॅटो, मिरची, फ्लॉवर आणि वेलभाज्या एवढ्यांचा तरी. आणि खाऱ्या पाण्यात, भर उन्हात मारू नका ही सूचना गुजरातीत, मोठ्या अक्षरात. काकांना इंग्रजी येत नाही, आणि मी आठवड्यातले चार दिवस तिथे नसते.

खात्याने डीएपी-युरियासोबतची ही जबरदस्ती बंद करावी, दुकानात पाटी लावावी आणि पाटीवर तक्रारीचा एक नंबर द्यावा, एकच, तीन नको. दुकानांतून नमुने उचलून तपासावेत, जड धातू, कीटकनाशक आणि मीठ तिन्ही, आणि निकाल लोकांना बघता येईल असा ठेवावा, पास झालेल्यांचाही, म्हणजे प्रामाणिक कंपनीला त्याचा फायदा मिळेल.

आपल्या जिल्ह्यात भाजीवर, आपल्या पाण्यात, याची चाचणी व्हावी. भावनगर काही परदेश नाही, गाडीने चार-पाच तास. तिथली माणसं इकडे आणा, पादऱ्याला एक प्लॉट घ्या. माझी अर्धा बिघा देते मी, भाडं नको.

आणि कच्छ-जामनगरच्या पाण्यात परकं शेवाळ लावायला परवानगी देण्याआधी प्रवाळापासून किती लांब, सुटलेले तुकडे कोण गोळा करणार आणि त्याचा खर्च कोणाच्या खिशातून, हे कागदावर येऊ द्या. ११०-१२० वर्षांपूर्वी संस्थानाला सुचलं होतं की आधी समुद्र बघून घ्यावा.

माझी नुकसानभरपाई मी मागत नाही, वांगी गेली ती गेली, त्या दोन ओळींनी घरचं भरीत तरी दिलं.

पहिली बाटली अजून माझ्याकडे आहे, चार बोटं माल शिल्लक आहे तीत. बूच घट्ट लावून, वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर ठेवलीय, कारण स्वयंपाकघरात ठेवली तर सगळं घर बोंबलासारखं वास मारतं. ज्या साहेबांना तपासायची असेल त्यांनी सांगावं, मी स्वतः आणून देईन, पोच मिळाली तर बरं.

बिल मात्र मागू नका.

आपली,
पादऱ्याच्या वाटेवरची एक बडोदेकर शेतकरीण